घरभेटीची वही

शनिवारी सकाळी साडेआठला जयवंतीबाईंनी शाळेच्या ऑफिसातल्या टेबलावर अशी काही थाप मारली, की गॅब्रिएलचा अर्धा चहा बशीत आला.

"दाखला मिळत नाही म्हणजे काय? मुलगी दहावी पास झाली, शाळा सोडून चालली. शाळा सोडल्याचा दाखला लिहायचा, सही-शिक्का मारायचा आणि हातात द्यायचा. ह्यात अडलंय कुठे?"

गॅब्रिएल शाळेचा हेडक्लार्क. वीस वर्षं त्याच खुर्चीत, त्याच खिडकीपाशी. माणूस वाईट नाही, पण बाईंचा आवाज चढला की त्याचा खाली बसतो. त्याने आधी बशीतला चहा कपात ओतला, मग खिडकीबाहेरच्या पालकांच्या रांगेकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "बाई, अक्षयाचं नाव आपल्याच अकरावीला लागलंय. कॉमर्सला. नाव चालू आहे, तर दाखला कसला काढू?"

"कोणाचं नाव?"

"अक्षयाचं. तुळशीदासच्या पोरीचं."

बाई खुर्चीत बसल्या. दोन हजार दोन सालचा जून संपत आला होता. आदल्या दिवशी संध्याकाळी वसईच्या कॉलेजच्या फळ्यावर सायन्सची पहिली यादी लागली होती आणि तिच्यात एक्केचाळिसाव्या नंबरावर अक्षयाचं नाव होतं. बाईंनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मूळ गुणपत्रिका, मूळ दाखला आणि फी आज दुपारी एकच्या आत भरली नाही, तर जागा वेटिंग लिस्टवाल्याला जाणार होती. एक म्हणजे एक. ती खिडकी एक वाजून एक मिनिटाने कशी बंद होते, हे बाईंना कोणी शिकवायची गरज नव्हती.

कारण एकाहत्तर साली उमेळ्याची ही जयवंती फर्स्ट क्लासमध्ये मॅट्रिक झाली, आणि तिचे वडील फॉर्म घेऊन कॉलेजच्या खिडकीवर पोहोचले ते शेवटच्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी. तारीख कोणी सांगितलीच नव्हती. खिडकीतल्या माणसाने मानसुद्धा वर केली नाही. वडील फॉर्मची घडी करून परत आले आणि पोर डी.एड.ला गेली. पुढे नोकरी करता करता बी.ए. झाली, बी.एड. झाली, भूगोलाची बाई झाली, सगळं झालं. पण तो राग काही गेला नाही. एकतीस वर्षं तो राग त्यांच्या पोटात धगधगत होता आणि त्याच्यावर त्यांनी किती पोरांना शिजवून काढलं, त्याची गणतीच नाही.

शाळा वटारच्या पुढच्या गावातली. पोरं बागायतदारांची, सुतारांची, एस.टी.त कंडक्टर असणाऱ्यांची. कॉलेज म्हणजे काय हे घरात कोणी पाहिलेलं नसायचं. बाई दर ऑगस्टमध्ये दहावीच्या पोरांना एस.टी.त घालून वसईला न्यायच्या, विरारला न्यायच्या. प्रयोगशाळा दाखवायच्या, लायब्ररी दाखवायच्या, नोटीसबोर्ड वाचायला लावायच्या. आणि प्रत्येक पोराने ऑफिसच्या खिडकीवर जाऊन एक प्रश्न विचारायचाच, असा नेम. कोणी पुटपुटलं, की मागून बाई ओरडायच्या, "मोठ्याने! त्या माणसाला काय तुझं मन वाचता येतंय?" शनिवारी शेवटच्या तासाला खोटे फॉर्म भरायची प्रॅक्टिस. आधी पेन्सिलीने, आडनाव आधी, सही प्रत्येक वेळी सारखीच. इतर शिक्षक हसायचे. हसू देत मेले, म्हणायच्या बाई.

ही अक्षया तर अशी, की त्या खिडकीवर गेली आणि तिने थेट विचारलं, "मराठी मीडियममधून आलेली किती पोरं इथे बारावी सायन्स पास होतात?" आतला क्लार्क आधी हसला. मग त्याने खरंच रजिस्टर काढलं. बाईंची छाती तेव्हा अशी फुगली होती म्हणता! सातशे पन्नासपैकी सहाशे चौतीस मार्क काढले त्या पोरीने, वाडीत आईबरोबर केळीची पानं कापून. आणि तिचं नाव कॉमर्सला?

"कधी लागलं हे नाव?" बाईंनी विचारलं.

"बुधवारी. सत्काराच्या दिवशी." गॅब्रिएल आता घाम पुसत होता. "तुमी नव्हता ना बाई. तुमी उमेळ्याला साखरपुड्याला, कालच परतलात."

मग ते सगळं हळूहळू बाहेर आलं. गावात दरवर्षी देवळाच्या हॉलमध्ये गुणवंतांचा सत्कार होतो. पहिल्या नंबराच्या पोराच्या बापाला शाल, आईला खणानारळ. दरवर्षी रविवारी होणारा हा सत्कार या वर्षी मोठ्या सरांनी बुधवारी ठेवला, बाईंच्या भाचीच्या साखरपुड्याच्या दिवशी. मोठे सर म्हणजे मुख्याध्यापक सावे. दोन वर्षांपूर्वी शाळेला अकरावी-बारावी जोडून मिळाल्यापासून केबिनच्या दारावरची 'मुख्याध्यापक' ही पाटी काढून त्यांनी 'प्राचार्य' लावली होती. त्यांनी तुळशीदासला स्टेजवर बोलावलं, खांद्यावर शाल घातली आणि माईकवरून सांगून टाकलं, की अक्षया बाहेर कुठे जाणार नाही, गावचीच पोर गावच्याच कॉलेजचं नाव काढणार. "काय तुळशीदासभाऊ, खरं ना?" टाळ्यांचा नुसता कडकडाट. तुळशीदासने हात जोडले. लगेच पुढे फॉर्म आला, पेन आलं, फोटोवाल्याने फ्लॅश मारला. सही झाली. गुणपत्रिका तिथेच फाइलला लागली.

"आणि तुम्ही बघत बसलात?"

"मी नारळ वाटत होतो, बाई," गॅब्रिएल म्हणाला.

बाई उठल्या. दाखल्यांची खिडकी साडेदहाला उघडायची होती, रांगेत पहिला उभा होता तो फर्डिनंड सुतार. त्याच्या बेसिलचा आय.टी.आय.चा फॉर्म सोमवारपर्यंत भरायचा होता, त्याच दाखल्यासाठी आलेला. "बाई आल्या, आता होतील कामं," असं तो मागच्याला म्हणाला. बाईंनी ऐकलं नाही. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

मोठे सर केबिनमध्ये पेपर वाचत होते. माणूस गोडबोल्या. रागावून बोलत नाही कधी, तीच तर पंचाईत.

"या बाई. साखरपुडा छान झाला ना? बसा, पाणी घ्या."

"पाणी नको. अक्षयाचा दाखला हवा आणि गुणपत्रिका हवी. आत्ता."

सरांनी पेपराची घडी केली. "बाई, तुम्हाला सगळं माहीत आहे. गेल्या वर्षी अकरावीला किती मुलं होती? तुकडी भरली नाही, तर परवानगी जाईल. परवानगी गेली, की दोन शिक्षक घरी बसतील. त्यात पहिली जाईल ती तुमची जुनी विद्यार्थिनी स्वप्ना. तिला एम.ए. करायला तुम्हीच मागे लागला होतात, इथे लावलीत पण तुम्हीच. पहिला नंबर बाहेर गेला, की त्याच्यामागे दहा जण जातात. पहिला नंबर राहिला, की दहा राहतात. मी काय माझ्या घरासाठी करतोय?"

"चौऱ्याऐंशी टक्क्यांची, सायन्स मागणारी पोर कॉमर्सला बसवून तुकडी टिकवायची?"

"सायन्सची परवानगी पुढच्या वर्षी येतेय."

"मग तोवर ही काय बाकावर बसून वाट बघणार? सर, पोर आहे ती. पटावरचा आकडा नाही!"

"ओरडू नका, बाहेर पालक आहेत." सर अजून हसतच होते. "आणि माझ्यावर कसला राग काढता? मी वेगळं काय केलं? तुमचंच काम पुढे नेलं."

त्यांनी खण उघडला आणि टेबलावर एक दोनशे पानी वही ठेवली. खाकी कव्हर, त्यावर बाईंचंच ठसठशीत अक्षर: घरभेटी.

ही वही बाईंचा जीव. दिवाळीपासून जानेवारीपर्यंत दर रविवारी त्या दहावीच्या एकेका पोराच्या घरी जात. चहा घेत, गप्पा मारत आणि घरी येऊन लिहून ठेवत. घरात शेवटचा शब्द कोणाचा, आई कशाला घाबरते, कोणत्या मामाला पटवलं पाहिजे, पोराला मनातून काय हवंय. ज्याला जसं समजवायला हवं, तसं समजवता यावं म्हणून. मे महिन्यात मोठ्या सरांनी ती मागून घेतली होती. वर पाठवायच्या अहवालात करिअर मार्गदर्शनाची माहिती घालायची आहे म्हणाले. बाईंनी मोठ्या हौसेने दिली. चोवीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्या खटाटोपाची कदर करत होतं! सुखावल्या होत्या, खोटं कशाला बोला.

सरांनी खुणेचा कागद घातलेलं पान उघडलं आणि शांतपणे वाचलं, "'अक्षया. गणित उत्तम, सायन्सच हवं. आईचा पूर्ण पाठिंबा. वडील तुळशीदास भला माणूस, पण चारचौघांत नाही म्हणायची ताकद नाही. लोकांसमोर कोणीही वाकवावा.'" त्यांनी वही मिटली. "मी एरवी ह्याच्या घरी चार चकरा मारल्या असत्या. तुम्ही माझ्या चकरा वाचवल्यात."

"लाज नाही वाटत?"

"वही तुमची आहे, बाई. न्या. माझं वाचून झालंय."

बाईंनी वही ओढून घेतली आणि त्या बाहेर पडल्या. फाटकाशी रिक्षा केली. सरांचा राग येत होता, गॅब्रिएलचा येत होता, त्या टाळ्या वाजवणाऱ्या अख्ख्या गावाचा येत होता. सगळ्यांत जास्त तुळशीदासचा येत होता. एक शब्द! एक 'नाही' म्हणता येत नाही माणसाला? बाप ना तू? बाई वाटभर मनातल्या मनात त्याला फाडून खात होत्या. मांडीवर वही होती, तिच्याकडे मात्र त्या बघत नव्हत्या.

तुळशीदासचं घर वाडीच्या तोंडाशी. सुभद्रा ओटीवर केळीच्या पानांचे गठ्ठे बांधत होती. बाईंना पाहून ती उठली आणि बसा-बिसा न म्हणता बोलायलाच लागली, "बाई, तुमीच सांगा ह्यांना. तीन दिस झाले, पोर धड जेवत नाय. मी पण ह्यांच्याशी बोलत नाय."

तुळशीदास वाडीच्या पाटाच्या पाण्यात हात धुऊन आला. पन्नाशीच्या अलीकडचा, हडकुळा, बोलताना समोरच्याच्या चपलांकडे बघणारा माणूस.

"तुळशीदासभाऊ, काय करून बसलात हे?" बाईंनी सुरुवातच तिथून केली. "दोन वर्षं मी त्या पोरीच्या मागे आहे. तुम्ही मला शब्द दिला होता, सायन्सला घालतो म्हणून. काल यादीत नाव लागलं तिचं! आज एक वाजेपर्यंत पैसे भरायचे. आणि तुम्ही तिकडे सही ठोकून आलात?"

"बाई, शाल घातली होती अंगावर."

"मग?"

"फोटोवाला उभा होता. मंडळाचे अध्यक्ष बाजूला. सरांनी पेन हातात दिलं. काय करू?"

"नाही म्हणायचं!"

"चारशे माणसं होती हॉलात."

"चारशे असोत नाहीतर चार हजार! पोर कोणाची, त्या चारशेंची का तुमची? तोंडाला काय कुलूप घातलं होतं? अहो, मला माहीतच होतं तुम्हाला लोकांपुढे नाही म्हणता यायचं नाही. मी लिहूनच ठेवलं होतं!"

बोलून गेल्या आणि मग बाईंच्या लक्षात आलं, काय बोलून गेलो ते. सुभद्राच्या हातातली सुतळी तशीच राहिली.

"कुठे लिवलं होतं?" तुळशीदासने विचारलं.

आता काय सांगायचं? बाईंनी वही छातीशी धरली होती. तुळशीदासची नजर पहिल्यांदाच चपलांवरून वर आली आणि त्या वहीवर थांबली. त्याने हात पुढे केला. बाईंनी आजवर कित्येक पोरांना खोटं बोलू नका म्हणून सांगितलं होतं. त्यांनी पान काढून दिलं.

तुळशीदास सातवी शिकलेला. ओळीखाली बोट धरून त्याने सावकाश वाचलं. एकदा वाचलं, परत वाचलं. मग दारात अक्षया येऊन उभी राहिली, बापाच्या खांद्यावरून तिनेही वाचलं. ती भराभर वाचणारी पोर.

"बाई, हे मोठ्या सरांनी वाचलं?"

"हो."

"म्हणून सत्कार बुधवारी? म्हणून बाबांना स्टेजवर?"

"हो, बाळा. मला काय माहीत ते असं—"

"तुम्ही आमच्याकडे येत होता तेव्हा बाबा तुमच्यासाठी पिकलेली वेलची केळी वेगळी काढून ठेवायचे. ती खाऊन घरी जायचं आणि हे लिहायचं?"

"तुझ्यासाठीच लिहिलं ग ते!"

"माझ्यासाठी होतं तर मला सांगायचं. नाहीतर त्यांना सांगायचं, तोंडावर. त्यांना आधी कळलं असतं, तर ते तयारीने गेले असते. आम्हाला खिडकीवर उभं करून मोठ्याने बोला म्हणून ओरडता, आणि तुम्ही स्वतः वहीला सांगत बसलात!" अक्षयाचा आवाज फाटला. "माझ्या बापाला कोणीही वाकवावा? असं लिहितात?"

बाईंना राग आला. आधी तोच आला, सवयीने. कालची पोर मला शिकवते? मग त्या रागाला टेकायला जागाच सापडेना. जे काही उत्तर ओठांवर येत होतं, ते मोठ्या सरांच्या तोंडचं वाटत होतं. तेही म्हणालेच होते, की मी काय माझ्या घरासाठी करतोय.

तुळशीदास आत गेला. बाहेर आला तेव्हा अंगात पांढरा शर्ट होता, हातात फीच्या पैशांची पिशवी. "बाय, चप्पल घाल," तो पोरीला म्हणाला. मग बाईंकडे वळला. "ही वही घेतो मी. शाळेपरयंत."

सुभद्राही उठली आणि रिक्षात चौघं बसली. साडेदहाला शाळेत पोहोचली तेव्हा ऑफिसची खिडकी नुकतीच उघडत होती आणि रांग व्हरांड्याच्या टोकाला गेली होती, पंधरा-वीस माणसं सहज असतील. मोठे सर नेमके बाहेर पालकांशी हसत-बोलत उभे होते.

"या या, तुळशीदासभाऊ! चला, आत बसून बोलू."

"नाय," तुळशीदास म्हणाला. "हितंच बोलू."

आवाज बारीक होता. पण रांगेतली कुजबुज थांबली. त्याने वही उघडली. मग त्या माणसाने, ज्याने जन्मात चार माणसांपुढे कधी तोंड उघडलं नव्हतं, मोठ्याने वाचायला सुरुवात केली. अडखळत, एकेक शब्द सुटा करत. वडील तुळशीदास भला माणूस. पण चारचौघांत नाही म्हणायची ताकद नाही. लोकांसमोर कोणीही वाकवावा. सगळं वाचलं. बाईंना वाटलं, धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

"हे बाईंनी लिवलंय," तो म्हणाला. "खोटं नाय लिवलं. आजवर मी असाच हाय. सर, तुमी हे वाचलंत आणि वाचून मला शाल घातलीत. मला वाटलं, माझ्या पोरीचा मान हाय. तुमी मला चारशे माणसांत उल्लू बनवलंत. आता मी नाय म्हणतो. माझी पोर तुमच्या अकरावीत बसणार नाय. दाखला द्या."

"तुळशीदासभाऊ, गावापुढे शब्द दिलाय तुम्ही—"

"गावापुढेच परत घेतो. हे काय, गाव उभं हाय."

सरांचं हसू आता कुठे पडलं. त्यांनी गॅब्रिएलकडे पाहिलं, बहुतेक काहीतरी नियम सांग म्हणून. पण गॅब्रिएल खिडकीत दाखल्याचं पुस्तक उघडून बसला होता आणि त्याचं पेन चालू होतं.

"गॅब्रिएल, मी सांगितल्याशिवाय लिहायचं नाही!"

"लिहून झाला, सर. सही तेवढी राहिली."

"करा ना सर सही," फर्डिनंड रांगेतून ओरडला. "आमाला पण कामावर जायचंय!" मागून दोघं-तिघं हसले. एक बाई म्हणाली, की सहीला काय पैसे पडतात का. सरांचे कान लाल झाले. त्यांनी खिडकीतूनच हात घालून सही केली, शिक्का मारला, फाइलमधली गुणपत्रिका काढून अक्षयाच्या हातात दिली आणि केबिनचं दार धाडकन लावून घेतलं.

अकराला दहा कमी. अकराची एस.टी. पकडली, तर पाऊण तासात वसई. बाईंच्या अंगात एकदम बळ आलं. "चला चला! माझ्या पिशवीत झेरॉक्स आहेत, अटेस्ट करून ठेवल्यात, फोटो आहेत. मी येते बरोबर. तिथला क्लार्क ओळखतो मला, मागच्या दाराने—"

"नाय," तुळशीदास म्हणाला.

बाई थांबल्या.

"कागद द्या. उपकार हायत तुमचे, ते मी विसरत नाय. पण तुमी नको. आमी जाऊ." तो चपलांकडे बघत नव्हता. "तुमी पुढे झालात, की मी परत मागे ऱ्हातो. आणि घरी जाऊन तुमी परत लिवणार." त्याने वही बाईंच्या हातात दिली, कागद घेतले, सुभद्राला आणि पोरीला पुढे घातलं आणि फाटकाबाहेर निघून गेला. अक्षयाने एकदा मागे पाहिलं. हसली नाही, हातही हलवला नाही. पाच मिनिटांनी एस.टी. आल्याचा आवाज आला आणि गेल्याचाही. एक वाजायला दोन तास होते. ते पोहोचणार होते. इतकी वर्षं ज्यासाठी बाईंनी जिवाचं रान केलं, ते आज त्यांच्यावाचून होणार होतं.

"बाई."

फर्डिनंड होता. रांगेत त्याचाच नंबर होता, गॅब्रिएल बेसिलचा दाखला लिहायला पेन उचलून बसला होता. फर्डिनंड अजून हसत होता, मघाच्या गमतीतच होता तो.

"आमच्या बेसिलचं पण पान असेल ना ह्यात? तुमी आमच्याकडे पण आला होता नाताळाच्या आधी. काय लिवलंय बघू की."

बाईंना ते पान तोंडपाठ होतं. बेसिल. हाताचं काम चांगलं, आय.टी.आय.ला घालावा. वडील संध्याकाळी पितात, तेव्हा बोलण्यात अर्थ नाही. पैसे आईच्या हाती द्यावेत.

"काही नाही, फर्डिनंड. तुम्ही आधी दाखला घ्या."

"तुळशीदासला दिलंत ना वाचायला? मग मला पण द्या."

नाही म्हणायचं होतं. एवढं एकच, चारचौघांत. बाईंना ते जमलं नाही. रांगेतली सगळी माणसं त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी पान काढून दिलं.

फर्डिनंडने मनात वाचलं. वाचून झाल्यावर त्याने वही नीट मिटली, दोन्ही हातांनी बाईंना परत दिली आणि रांगेतून बाहेर पडला.

"फर्डिनंड! रांग सोडू नका! सोमवारी शेवटची तारीख आहे, उद्या रविवार! अहो, पोराचा दाखला!" बाई जिवाच्या आकांताने ओरडल्या.

तो थांबला नाही. फाटकातून बाहेर पडला आणि सायकलवर टांग टाकून निघूनही गेला. खिडकीत गॅब्रिएल पेन धरून तसाच बसला होता. रांगेतली पुढची बाई एक पाऊल सरकली, खिडकीकडे गेली नाही, जयवंतीबाईंसमोर येऊन उभी राहिली आणि तिने हात पुढे केला.